लिन डॅनची कारकीर्द सामन्यांतून कशी अभ्यासावी

चीनचा बॅडमिंटनपटू लिन डॅन याच्या विजेतेपदांची यादी कोणालाही दोन मिनिटांत सापडते. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके, पाच जागतिक अजिंक्यपदे, सहा वेळा ऑल इंग्लंड स्पर्धा, आशियाई क्रीडास्पर्धांत एकेरीची दोन सुवर्णपदके, शिवाय चीनच्या संघाबरोबर जिंकलेले थॉमस आणि सुदिरमन करंडक. ही यादी तोंडपाठ केली तरी हा माणूस कोर्टवर नेमके काय करत होता, हे मात्र कळत नाही. २००२ मध्ये कोरिया ओपन जिंकणारा लिन डॅन आणि २०१९ मध्ये मलेशिया ओपन जिंकणारा लिन डॅन हे जवळजवळ दोन वेगळे खेळाडू आहेत. पहिला हातातली सगळी ताकद लगेच उधळून टाकणारा, तर दुसरा प्रत्येक उडीचा हिशेब ठेवणारा. हा बदल कसा घडला, हे सामने पाहूनच समजते. क्लबमध्ये खेळणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या किंवा नुसत्या आवडीने बॅडमिंटन पाहणाऱ्या वाचकाला तो अभ्यास घरबसल्या करता यावा, म्हणून ही पद्धत सविस्तर मांडली आहे.

प्रथम एक वही घ्यावी आणि नऊ सामने ठरवावेत. २००५ ची ॲनाहाइममधील जागतिक स्पर्धेची अंतिम लढत, २००८ ची बीजिंग ऑलिम्पिकची अंतिम लढत, २०११ ची वेम्ब्ली येथील जागतिक अंतिम लढत, २०१२ ची लंडन ऑलिम्पिकची अंतिम लढत, २०१३ ची ग्वांगझू येथील जागतिक अंतिम लढत, २०१४ च्या चायना ओपनची अंतिम लढत, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधील उपांत्यपूर्व आणि उपांत्य असे दोन सामने, आणि शेवटी २०१९ च्या मलेशिया ओपनची अंतिम लढत. यांपैकी तीन सामने तो हरलेला आहे, आणि ते मुद्दाम निवडले आहेत. हे सामने कालक्रमानेच पाहावेत. आठवड्याला एक सामना पुरेसा आहे, आणि एका बैठकीत एकच गेम पाहिला तर लक्ष टिकते.

वहीत प्रत्येक गेमसाठी चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात गुण कोणी मिळवला, हे लिहावे. दुसऱ्यात त्या रॅलीत शटल सर्वांत आधी कोणी वर उचलून दिले, म्हणजे लिफ्ट कोणी केली, हे लिहावे. तिसऱ्यात लिन डॅनने उडी मारून किती स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारायचे फटके, मारले, त्याचा आकडा, आणि चौथ्यात शेवटचा फटका नेटमध्ये गेला, बाहेर गेला की कोर्टवर पडला, याची खूण. समालोचकाचा आवाज पहिल्यांदा बंद ठेवावा, कारण समालोचक शेवटच्या फटक्याविषयी बोलतो आणि गुण बहुधा त्याच्या आधीच्या तीन-चार फटक्यांत ठरलेला असतो. आणखी एक बारकावा असा, की कॅमेरा कोर्टच्या एका टोकामागे उंचावर असतो. त्यामुळे लिन डॅन जवळच्या बाजूला असेल तेव्हा त्याच्या पायांकडे पाहावे आणि तो दूरच्या बाजूला असेल तेव्हा खांद्याकडे व रॅकेटकडे. दोन्ही एकाच वेळी पाहण्याचा हट्ट धरला, तर काहीच नीट दिसत नाही.

सामने सुरू करण्यापूर्वी गुणपद्धतीविषयी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. २००६ पर्यंत पुरुष एकेरीचा गेम १५ गुणांचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला केवळ सर्व्हिस मिळत असे. २००६ पासून २१ गुणांचा गेम आला आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. लिन डॅन जुन्या पद्धतीत वाढला आणि नव्या पद्धतीत मोठा झाला. जुन्या पद्धतीत एखादा आततायी स्मॅश बाहेर गेला, तरी आपल्या सर्व्हिसवर फार तर सर्व्हिस जायची. नव्या पद्धतीत तीच चूक थेट समोरच्याच्या खात्यावर गुण म्हणून जमा होते. त्याच्या खेळात पुढे जी काटकसर आली, तिचे एक कारण या नियमात आहे, असे मला वाटते. म्हणूनच २००५ आणि २००८ चे आकडे शेजारी ठेवताना हा फरक विसरू नये.

दुसरी तयारी डाव्या हाताची. लिन डॅन डावखुरा आहे, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रेक्षकाचा डोळा त्याच्या बाबतीत सतत फसतो. उजव्या हाताचा खेळाडू आपल्या फोरहँडच्या, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूच्या, कोपऱ्यातून सरळ रेषेत मारतो, तेव्हा शटल उजव्याच हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडकडे, म्हणजे त्याच्या दुसऱ्या हाताच्या बाजूला, जाते. डावखुऱ्यासमोर मात्र तोच फटका त्याच्या फोरहँडवर जाऊन पडतो. याउलट लिन डॅनने आपल्या फोरहँडकडून तिरका मारलेला स्मॅश उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडच्या बाजूला उतरतो, आणि त्याचे कित्येक महत्त्वाचे गुण याच तिरक्या स्मॅशवर आलेले आहेत. कागदावर कोर्ट काढून दोन बाणांनी हे एकदा रेखाटून पाहावे. एकेरीचे कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते. त्या प्रमाणात काढलेल्या आकृतीवर, समोरचा खेळाडू त्या कोपऱ्याकडे वळेपर्यंत किती उशीर झालेला असतो, ते लगेच ध्यानात येते.

त्याच्या लहानपणाची माहिती थोडक्यात पुरे. १४ ऑक्टोबर १९८३ रोजी फुजियान प्रांतातील लाँगयान येथे त्याचा जन्म झाला. मुलाने पियानो शिकावा, अशी आईवडिलांची इच्छा होती. पाचव्या वर्षी त्याच्या हाती रॅकेट आली. बाराव्या वर्षी तो चिनी सैन्याच्या क्रीडापथकात दाखल झाला आणि अठराव्या वर्षी राष्ट्रीय संघात पोहोचला. जिंकल्यावर तो ठोकत असलेला लष्करी सलाम त्या पथकातूनच आलेला आहे. (इंग्रज लष्कराच्या छावणीमुळे ज्या खेळाला एके काळी ‘पूना’ म्हणत, त्या खेळाचा एवढा मोठा खेळाडू पुन्हा एका सैन्याच्याच पथकातून यावा, ही पुणेकरांनी नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.)

आता पराभवापासून सुरुवात करावी. फेब्रुवारी २००४ मध्ये लिन डॅन जागतिक क्रमवारीत पहिला झाला, त्याच वर्षी त्याने पहिले ऑल इंग्लंड जिंकले, आणि ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिम्पिकला अग्रमानांकित म्हणून गेलेला हा वीस वर्षांचा मुलगा आपल्या पहिल्याच सामन्यात सिंगापूरच्या रोनाल्ड सुसिलोकडून १२-१५, १०-१५ असा हरला. हा निकाल वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी ॲनाहाइमच्या अंतिम लढतीत इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतने त्याला १५-३, १५-७ असे अक्षरशः गप्प केले. हा सामना पाहताना तिसरा रकाना, म्हणजे उड्यांचा आकडा, सर्वांत महत्त्वाचा आहे. लिन डॅन घाईत आहे, प्रत्येक शटलवर तुटून पडतो आहे. तौफिक मात्र रॅकेट शटलजवळ नेऊन क्षणभर थांबतो, लिन डॅनचे पाय हलले की मगच दिशा ठरवतो. तौफिकचा बॅकहँड डोळे दिपवणारा होता हे खरे, पण त्याहून त्याचे ते थांबणे नीट पाहावे. त्याचा उपयोग या अभ्यासाच्या अगदी शेवटी होणार आहे.

पुढील तीन वर्षे भराभर ओलांडावीत. २००६ मध्ये माद्रिद येथे आपलाच सहकारी बाओ चुनलाई याला हरवून त्याने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि २००७ मध्ये क्वालालंपूरला ते राखले. मधल्या दोहा आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत तौफिकने त्याला पुन्हा हरवले. पण या वेळी १५-२१, २०-२२, म्हणजे बरेच झुंजून. एवढे वाचून थेट बीजिंगला यावे.

१७ ऑगस्ट २००८ ची अंतिम लढत मलेशियाच्या ली चाँग वेईविरुद्ध होती आणि निकाल २१-१२, २१-८ असा लागला. वहीतला दुसरा रकाना इथे कामाला येतो. रॅलीत शटल आधी वर कोण उचलतो आहे, याची मोजणी करावी. लिन डॅन नेटजवळ शटल इतके घट्ट ठेवतो, की ली चाँग वेईला ते उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि उचललेल्या शटलखाली लिन डॅन आधीच उभा असतो. स्मॅश हा त्याच्या खेळाचा शेवट आहे, सुरुवात नाही. सुरुवात नेटवर होते. क्लबमधला खेळाडू त्याची उडी पाहून भारावतो आणि तिचीच नक्कल करू लागतो, तेव्हा खांदा दुखावण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. नक्कल करायचीच असेल तर उडीच्या आधीच्या दोन पावलांची करावी.

यानंतर सर्वाधिक वेळ द्यावा, असे दोन सामने येतात, आणि ते जोडीने पाहावे लागतात. ऑगस्ट २०११ मधील जागतिक अंतिम लढत आणि ५ ऑगस्ट २०१२ ची ऑलिम्पिक अंतिम लढत एकाच सभागृहात, लंडनच्या वेम्ब्ली अरीनामध्ये, त्याच दोन खेळाडूंमध्ये झाल्या. पहिल्या लढतीचे गुण २०-२२, २१-१४, २३-२१ आणि दुसरीचे १५-२१, २१-१०, २१-१९. दोन्ही वेळा लिन डॅन पहिला गेम हरला, दुसरा सहज जिंकला आणि तिसरा अगदी काठावर घेतला. २०११ च्या सामन्यात तर ली चाँग वेईला विजयासाठी दोन गुणसंधी मिळाल्या होत्या.

हे सामने पाहताना आधी पहिले दोन गेम सलग पाहावेत, मग तिसरा गेम दोनदा पाहावा. पहिल्यांदा फक्त लिन डॅनकडे, दुसऱ्यांदा फक्त ली चाँग वेईकडे. एका खेळाडूचे ११ गुण झाले की मिळणारी एक मिनिटाची विश्रांती आणि दोन गेममधील दोन मिनिटे गाळू नयेत, कारण प्रशिक्षक याच वेळी सांगतो आणि विश्रांतीनंतरच्या पहिल्या पाच रॅलींत डाव बदललेला दिसतो. दुसऱ्या गेममध्ये लिन डॅनने रॅलीचा वेग वाढवला की कमी केला, हे आपले आपण ठरवावे. घड्याळ लावून दहा-दहा रॅलींचा वेळ मोजला तर उत्तर मिळते. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांनंतर बाजू बदलतात. मोठ्या सभागृहात हवेचा झोत एका बाजूने असतो. त्यामुळे एका टोकाकडून मारलेला क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत मारलेला उंच फटका, बाहेर जातो, तर तोच दुसऱ्या टोकाकडून आखूड पडतो. लिन डॅन कोणत्या टोकावर उंच फटके टाळतो आणि हाफ स्मॅशवर, म्हणजे कमी ताकदीच्या स्मॅशवर, भागवतो, ते पाहणाऱ्याला या माणसाची बुद्धी कुठे चालत होती, हे उमगते.

गुण १७-१७ च्या आसपास आले, की वहीत रॅलीचा प्रत्येक फटका लिहिण्याचा प्रयत्न करावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि व्हिडिओ अनेकदा थांबवावा लागतो, पण या दोन सामन्यांतील शेवटचे काही गुण असे लिहून काढले तर बाकी सर्व सामने पाहण्याची दृष्टी बदलते. माझे निरीक्षण असे, की थकल्यावर लिन डॅन स्मॅश कमी करत नाही, तर त्यांची जागा बदलतो. रेषेवर मारण्याऐवजी अंगावर मारतो, जेणेकरून शटल बाहेर जाण्याची भीती राहत नाही आणि प्रतिस्पर्ध्याचे उत्तर मात्र दुबळे येते. वाचकाची मोजणी वेगळे काही सांगत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. २०१२ च्या सामन्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल: त्या वर्षीच्या मे महिन्यात थॉमस करंडकात ली चाँग वेईचा घोटा दुखावला होता, आणि ऑलिम्पिकची तयारी त्याने त्यातून सावरत केली होती. पुरुष एकेरीत ऑलिम्पिक सुवर्ण राखणारा लिन डॅन हा पहिलाच. डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसनने त्याची बरोबरी केली ती थेट २०२४ मध्ये.

ग्वांगझू २०१३ चा सामना थोडा वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. लंडननंतर लिन डॅन बहुतेक काळ स्पर्धांपासून दूर होता आणि जागतिक स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीतून पात्र न ठरता खास निमंत्रणाने, प्रवेश मिळाला. जवळजवळ वर्षभर न खेळलेल्या माणसाला असा प्रवेश द्यावा का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. प्रवेश नियमात बसत होता. तरीही वर्षभर स्पर्धा खेळून पात्र ठरलेल्यांना तो टोचला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. निकाल १६-२१, २१-१३, २०-१७ असा दिसतो, पण अखेरचा गुण खेळलाच गेला नाही. पायात गोळे आल्याने ली चाँग वेईने सामना सोडला. त्यामुळे या सामन्याचा उपयोग एवढ्यापुरताच करावा, की सरावात खंड पडलेला खेळाडू स्वतःला कसा पुरवून वापरतो.

आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. लिन डॅन आणि ली चाँग वेई ४० वेळा समोरासमोर आले. त्यांतले २८ सामने लिन डॅनने जिंकले आणि १२ ली चाँग वेईने. हा आकडा भरवशाचा आहे, कारण दोघांचे देश वेगळे होते आणि कोणीही कोणाला मुद्दाम सोडलेले नाही. चिनी खेळाडूंच्या आपसातील सामन्यांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. त्या काळात असे कितीतरी सामने मध्येच सोडले गेले किंवा खेळलेच गेले नाहीत आणि त्यावर जाहीर टीका झाली. अथेन्स ऑलिम्पिकच्या महिला एकेरीत दोन चिनी खेळाडूंच्या उपांत्य सामन्याचा निकाल आपण सूचना देऊन ठरवला होता, असे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे चिनी दूरचित्रवाणीवर स्वतःच सांगितले. म्हणून लिन डॅनच्या चेन जिन, चेन लाँग किंवा बाओ चुनलाई यांच्याशी असलेल्या जय-पराजयाच्या बेरजा फार ताणू नयेत. हैदराबाद येथे २००९ मध्ये झालेली जागतिक अंतिम लढत, जी त्याने चेन जिनविरुद्ध २१-१८, २१-१६ अशी जिंकली, ती मी या यादीत घेतलेली नाही. भारतात झाली म्हणून ती पाहावीशी वाटणे साहजिक आहे, पण एकमेकांचा रोजचा सराव माहीत असलेल्या दोघांच्या खेळातून नवशिक्याला फारसे उमजत नाही.

भारतीय प्रेक्षकाचे कुतूहल भागवणारे दोन सामने पुढे आहेत, आणि ते अभ्यासासाठीही उत्तम आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये फुझोऊ येथे, म्हणजे लिन डॅनच्या स्वतःच्या प्रांताच्या राजधानीत, किदांबी श्रीकांतने त्याला चायना ओपनच्या अंतिम फेरीत २१-१९, २१-१७ असे हरवले. त्याच दिवशी सायना नेहवालनेही महिला एकेरीचे विजेतेपद जिंकल्यामुळे हा दिवस आपल्याकडे कित्येकांना आठवतो. हा सामना पाहताना वही श्रीकांतच्या बाजूने भरावी: त्याने लिन डॅनला नेटवर स्थिर होऊ दिले का, उंच शटल मिळताच तो किती लवकर तुटून पडला, शेवटच्या चार-पाच गुणांत त्याने आपला वेग कमी केला का? त्यानंतर रिओ ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व लढत पाहावी, जी लिन डॅनने २१-६, ११-२१, २१-१८ अशी जिंकली. पहिल्या गेममध्ये श्रीकांतला केवळ सहा गुण मिळाले आणि दुसऱ्यात त्यानेच लिन डॅनला अकरावर रोखले. मधल्या दोन मिनिटांत काय बदलले असेल, याचा अंदाज दुसऱ्या गेमच्या पहिल्या दहा रॅलींतून लिहून काढावा. तिसऱ्या गेममध्ये ३२ वर्षांच्या लिन डॅनने कोणत्या रॅली लढवल्या आणि कोणत्या जाऊ दिल्या, याकडे विशेष लक्ष द्यावे. काही गुण तो जवळजवळ सोडून देतो. हा आळस नसून पुढच्या रॅलीसाठी राखलेली शिल्लक आहे.

रिओचीच उपांत्य लढत ही लिन डॅन आणि ली चाँग वेई यांची शेवटची ऑलिम्पिक भेट. ली चाँग वेईने ती १५-२१, २१-११, २२-२० अशी जिंकली. (ली चाँग वेईला अंतिम फेरीत चेन लाँगने हरवले आणि त्याचे तिसरे ऑलिम्पिक रौप्यपदक नक्की झाले, लिन डॅन कांस्यपदकाचा सामनाही ॲक्सेलसनकडून हरला.) वेम्ब्लीचे दोन सामने बारकाईने पाहिलेल्या माणसाला इथे एक वेगळाच अनुभव येतो: दोघांनाही एकमेकांचे फटके मारले जाण्याआधीच ठाऊक आहेत, त्यामुळे फसवणूक चालत नाही आणि केवळ संयम उरतो. इथे चौथा रकाना भरत जावा. गुण जिंकलेले किती आणि समोरच्याने बहाल केलेले किती, याचे प्रमाण बीजिंगच्या पानाशी ताडून पाहावे.

पुढे २०१७ मध्ये ग्लासगोला जागतिक अंतिम फेरीत ॲक्सेलसनने त्याला २२-२०, २१-१६ असे हरवले आणि २०१८ च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत त्याच्याच देशाच्या शी युकीने. यादीतला शेवटचा सामना एप्रिल २०१९ मधील मलेशिया ओपनचा, जो पस्तिशीतल्या लिन डॅनने चेन लाँगविरुद्ध ९-२१, २१-१७, २१-११ असा जिंकला. सहकाऱ्यांच्या सामन्यांविषयी वर दिलेला इशारा इथेही लागू आहे, पण आपल्याला निकालापेक्षा पद्धत पाहायची आहे. पहिला गेम तो फारशी धडपड न करता गमावतो. त्यानंतरच्या दोन गेममध्ये त्याच्या उड्या मोजाव्यात, आणि तो शटलजवळ रॅकेट नेऊन किती वेळा थांबतो, हेही मोजावे. ४ जुलै २०२० रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली आणि २०२३ मध्ये जागतिक महासंघाने त्याला व ली चाँग वेईला एकत्रच आपल्या सन्मानितांच्या दालनात स्थान दिले.

नऊ सामने झाल्यावर वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडावी आणि ॲनाहाइमच्या अंतिम लढतीचा पहिला गेम पुन्हा लावावा. या वेळी लिन डॅनकडे अजिबात पाहू नये. केवळ तौफिकचा हात पाहावा, आणि शेजारी मलेशिया ओपनच्या पानावरचे थांबण्याचे आकडे ठेवावेत.